‘किंवा’ कोणाचा?

बऱ्याच दिवसांनी इथे येतोय. ऑक्टोबरनंतर एकही नोंद नाही म्हणून दोन-तीन ब्लॉगमित्रांनी मेल टाकून विचारले, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे मंडळी. माझी. लॅपटॉपची नव्हती, आणि मोबाईलवर बोटाने लिहिणे मला या जन्मी जमणार नाही.

आता नवा लॅपटॉप आलाय. १९ डिसेंबरला आला. आल्याचे मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर कळवले, आणि भांडण अजून संपलेले नाही हेही कळवले. त्यावर आमच्या पुण्याच्या पुतण्याचा निरोप: "आप्पा, बदलून मिळाला ना? मग आता कशाला ताणताय? वॉरंटी कार्डावर सगळं लिहिलेलं असतं. घेताना वाचायचं असतं ते." त्याच्या खाली कुटुंबातल्या नऊ जणांनी अंगठे दाखवले. शिष्याकडे अंगठा मागणारे गुरुजी आपण महाभारतात वाचले, मला न मागता नऊ मिळाले! त्यातला एक आमच्या हिचा होता. असो. हे लिखाण त्या नऊ अंगठ्यांना उत्तर म्हणून आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

आधी हकिकत. जानेवारी २०२५ मध्ये मला पंचाहत्तर पूर्ण झाली. १९८७ च्या दहावीच्या तुकडीतली काही मुले (मुले कसली, सगळ्यांना चष्मे आहेत) मेहरूणला घरी आली, शाल-श्रीफळ झाले, आणि सर्वांनी वर्गणी काढून घेतलेला लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. सेहेचाळीस हजारांचा. मला फार संकोच वाटला. पण तेव्हा आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या टंकायला घ्यायच्या मनात होत्या. बहात्तरच्या दुष्काळात शाळेला सुट्टी असताना मी त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. चार वह्या आहेत, शाई फिकी पडत चाललीय. जुना संगणक तर पार थकला होता. म्हणून घेतला.

२१ एप्रिलला पडदा काळा झाला. सर्व्हिस सेंटरवर नेला, १९ दिवसांनी मिळाला. मदरबोर्ड बदलला म्हणाले. ८ जुलैला पुन्हा तेच. या वेळी २७ दिवस लागले, आणि परत आला तो कोरा करकरीत. आतले सगळे पुसलेले. दोनशे बारा ओव्या टंकून झाल्या होत्या, त्या गेल्या. वह्या शाबूत होत्या म्हणून अनर्थ टळला, नाहीतर... जाऊ दे. ९ ऑक्टोबरला तिसऱ्यांदा गेला, दिवाळी तिकडेच साजरी करून २४ ला आला, आणि २७ ला पुन्हा काळा. तेव्हा मी ठरवले की आता चौथी दुरुस्ती नाही.

आता पुतण्याचे ‘कार्ड’. चिरंजीव, मी ते वाचले. तू वाचले आहेस का? माझे बी.ए. मराठी माध्यमातले, तेव्हा भिंग आणि शब्दकोश दोन्ही घेऊन बसलो. दोन दुपारी गेल्या. सगळ्या पानांचे सार एका वाक्यात आहे. सदोष भाग कंपनी ‘आपल्या एकट्याच्या मर्जीने’ दुरुस्त करील किंवा बदलून देईल.

चौतीस वर्षे व्याकरण शिकवल्यावर असे वाक्य समोर आले की राहवत नाही. ‘किंवा’ हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. विकल्प म्हटला की निवडणारा कोणीतरी आलाच. आपण पाहुण्याला विचारतो, "चहा घेणार की सरबत?" प्रश्नात ‘की’ येतो आणि निवड पाहुण्याची असते. विधानात ‘किंवा’ येतो, आणि तिथे निवड कोणाची हे वाक्य लिहिणारा ठरवतो. इथे वाक्य कंपनीने लिहिले आहे. पैसे आमचे, काम अडले आमचे, ओव्या गेल्या आमच्या, आणि ‘किंवा’ मात्र त्यांचा! माझे सगळे भांडण या एका अव्ययाचे आहे. पहिली दुरुस्ती कंपनीने करावी, तो तिचा हक्क मला मान्य आहे. यंत्र आहे, बिघडते. पण एकदा दुरुस्त करून तोच दोष पुन्हा आला, की ‘किंवा’ गिऱ्हाईकाकडे यायला हवा.

‘वॉरंटी’ हा शब्दसुद्धा साधा नाही. १९३० चा मालविक्रीचा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, अजून चालू आहे. त्याच्या बाराव्या कलमात ‘कंडिशन’ आणि ‘वॉरंटी’ असा भेद केलाय. कंडिशन म्हणजे शर्त मोडली तर गिऱ्हाईकाला माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. म्हणजे ज्या शब्दाने आपण निश्चिंत होतो तो कायद्याच्या पुस्तकात दोघांपैकी दुबळा शब्द आहे. आपण मराठीत दोन्हीला ‘हमी’ म्हणून मोकळे होतो आणि फसतो. (भाषांतर करणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे.)

पुतण्या हुशार आहे, तो पुढचा मुद्दा काढील म्हणून मीच काढतो. २००६ साली मारुतीच्या एका गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचे लिहिले असेल, तर कंपनीवर बंधन त्या भागाचे, अख्खी गाडी बदलून देण्याचे नाही. निकाल कंपन्यांच्या सोयीचा आहे, आणि आहे तो आहे. पण न्यायालयाने तिथे काय केले? कार्डावर जे लिहिले होते ते वाचले. माझे म्हणणे तेच आहे बाबा! कार्ड एकाच बाजूने लिहायचे, आणि वाद झाला की कार्ड पाहा म्हणायचे. परीक्षेचा पेपर विद्यार्थ्यानेच काढायचा आणि त्यानेच तपासायचा, मग सगळेच बोर्डात पहिले येतील.

आणि कायदा काही तिथेच थांबलेला नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग दोष काढून द्या असे सांगू शकतो, त्याच प्रकारची नवी निर्दोष वस्तू द्या असे सांगू शकतो, किंवा व्याजासकट पैसे परत करा असेही. बघा, इथला ‘किंवा’ आयोगाच्या हातात आहे. फक्त किती दुरुस्त्यांनंतर बदलून द्यायचे, ते आपल्या कायद्यात कुठे लिहिलेले नाही. विलायतेत लिहिले आहे. त्यांच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात एका दुरुस्तीनंतरही माल नीट नसेल तर गिऱ्हाईक तो परत करू शकतो. एका! तिथल्या कंपन्यांनी काही दुकाने बंद केली नाहीत. त्याच कंपन्या, तेच लॅपटॉप, लंडनला एक दुरुस्ती आणि जळगावला तीन झाल्या तरी "चौथी करून बघू या सर".

आता उन्हाचे ऐका. दुसऱ्या वेळी त्यांनी जॉब शीटवर लिहिले की दोष ‘उष्णता व धूळ’ यामुळे, म्हणजे वापरणाऱ्यामुळे. पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंत वापरावा असे छापले आहे म्हणे. मी पाहिले, खरेच छापले आहे. आमच्या जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. मेहरूण तलावाच्या काठीसुद्धा दुपारी चिमणी दिसत नाही. मी काउंटरवर विचारले, "बाळ, हा माल जळगावात विकताना कंपनीला जळगाव कुठे आहे ते माहीत नव्हते का?" ज्या गावात वर्षातले दोन-तीन महिने तुमच्या पुस्तिकेबाहेरचे असतात तिथे तुम्ही वर्षाची वॉरंटी विकता, तर ती वर्षाची कशी? नऊ महिन्यांची म्हणा आणि तेवढे पैसे कमी घ्या. शिवाय मी ते दिवसा कूलरसमोर वापरतो, धूळ रोज झाडतो, आणि ऑक्टोबरात तिसऱ्यांदा बिघडला तेव्हा कुठले ऊन होते?

त्या मुलाकडे उत्तर नव्हते. त्याचा दोषही नाही. मी निवृत्त झाल्यानंतर आमच्याच शाळेतून दहावी झालेला पोरगा निघाला. गावातले अधिकृत केंद्र म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुरियरवाला. लॅपटॉप पुढे पुण्याला जातो, तिथून काय लिहून येईल ते हा छापून देतो. लोक याच्यावर ओरडतात, तो "वरून ॲप्रूव्हल नाही" म्हणतो. कंपनीने त्याला उन्हात उभे केलेय आणि स्वतः सावलीत बसलीय. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. फक्त प्रत्येक वेळी जॉब शीटवर आत घेतल्याची आणि परत दिल्याची तारीख लिहून घेतली, दोष त्याच्याऐवजी माझ्या शब्दांत लिहायला लावला आणि झेरॉक्स काढली. पुढे जे काही मिळाले ते या तीन कागदांमुळे मिळाले, माझ्या वक्तृत्वामुळे नाही.

मग नवीनच निघाले. बिल माझ्या नावावर नाही! ते ज्या विद्यार्थ्याने दुकानातून आणला त्याच्या नावावर. "सर, तुम्ही कस्टमर नाही आहात." पंचाहत्तराव्या वर्षी हे ऐकायला मिळाले. कायद्यात ‘ग्राहक’ शब्दाची व्याख्या आहे, दुसरे कलम, सातवे पोटकलम: विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. हे मी लिहून दिले तेव्हा तो आक्षेप गपचूप गळाला.

पण या भानगडीत त्या विद्यार्थ्यापर्यंत गोष्ट गेली, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. तो संध्याकाळी घरी आला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, खाली मान घालून बसला. "सर, आमच्या हातून चुकीची वस्तू दिली गेली. तुम्ही सोडून द्या, मी उद्याच दुसरा आणतो." मला इतके वाईट वाटले म्हणून सांगू! दोष कंपनीच्या मालात आणि लाज याला. पुतण्याला हे कळावे म्हणून लिहितोय. ‘सोडून द्या’ म्हणणे फुकट नसते. कोणीतरी त्याचे पैसे भरतो, आणि बहुधा तो असतो ज्याचा काही दोष नाही.

नोव्हेंबरात घासाघीस सुरू झाली. पहिले म्हणणे, चौथी दुरुस्ती. नाही म्हटले. दुसरे, त्याच जातीचा ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे दुसऱ्या कोणाचा बिघडलेला डागडुजी करून, आणि त्यावर ९० दिवस. नव्याच्या पैशात जुना कसा घेऊ? तिसरे, नवे मॉडेल घ्या पण वरचे साडेसात हजार भरा. यावर मी दोन दिवस विचार केला हे कबूल करतो, थकलो होतो. मग कळले की तो विद्यार्थी परस्पर ते पैसे भरायला निघाला होता. त्याला फोनवर असा रागावलो की पुन्हा वर्गात असल्यासारखे वाटले.

मी एका कागदावर माझी मागणी लिहिली. नवा हवा, आधीच्या ताकदीचा किंवा वरचा, एक पैसाही न भरता, आणि वाया गेलेले दिवस वॉरंटीत मिळवून. मनस्तापाचे पैसे मागा असे बऱ्याच जणांनी सुचवले, मी मागितले नाहीत. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीतून बोलता येते. तिथे तक्रार नोंदवली. कंपनीला पत्र पाठवले, त्यात लिहिले की अमुक दिवसांत उत्तर नाही आले तर जिल्हा आयोगात जाईन. कार्डावर छापले आहे की वाद झाल्यास न्यायालय कंपनीच्या शहरातले. २०१९ च्या कायद्याने ती हवा काढून घेतली आहे, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासायची असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा असे कायदा म्हणतो. कायदा म्हणतो हं. तारखा पडतात हे मलाही माहीत आहे, आणि कंपनीलाही. पण वेळ माझ्याकडे भरपूर आहे, हे त्यांच्या हिशोबात नसावे.

शेवटी नवा मिळाला. आधीपेक्षा थोडा वरचाच. खोटे कशाला बोलू, आनंद झाला.

मग पेटीतला कागद वाचला. बदलून दिलेल्या यंत्राला मूळ वॉरंटीची ‘उरलेली मुदत’. मूळ बिल १२ जानेवारी २०२५ चे, म्हणजे मुदत ११ जानेवारी २०२६ पर्यंत. नवा कोरा लॅपटॉप आणि हमी २३ दिवसांची! बोरांचा हंगामसुद्धा जास्त चालतो आमच्या मेहरूणला.

पुतण्या विचारतो, आता कशासाठी ताणताय. यासाठी ताणतोय. हिशोब पाचवीच्या मुलाचा आहे. दुरुस्तीत गेले १९ आणि २७ आणि १५, म्हणजे ६१ दिवस. २७ ऑक्टोबरपासून १९ डिसेंबरपर्यंत यंत्र बंद, ते ५३. एकूण ११४. वर्षाची वॉरंटी विकली आणि त्यातले ११४ दिवस वस्तू एक तर त्यांच्याकडे तरी होती किंवा माझ्याकडे दगड होऊन पडली होती. ते दिवस माझ्या खात्यातून कसे वजा होतात? ही पद्धत राहिली तर जितकी सावकाश दुरुस्ती तितका कंपनीचा फायदा. सुताराला रोजाने लावावे आणि त्याने झोपावे, असे झाले हे. पूर्ण नवे वर्ष मागा असेही सांगणारे भेटले, ते मला पटत नाही. उरलेले दिवस मी वापरला आहे, ते मी परत मागणार नाही. ११४ मात्र सोडणार नाही. म्हणजे मुदत ५ मे २०२६ पर्यंत यायला हवी. (मे महिन्यात उन्हाचीही परीक्षा होऊन जाईल!)

असे दिवस मिळवून देणे काही जगावेगळे नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला आहे, त्यात गिऱ्हाईकाने बदलीऐवजी दुरुस्ती पत्करली तर कायदेशीर हमी एक वर्षाने वाढते. लागू होण्याची तारीख ३१ जुलै २०२६. आणि लांब कशाला जायचे, आपले जळगाव सोन्याचे गाव. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली तर भारतीय मानक ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च द्यावा लागतो. सोन्यात तूट निघाली तर दुप्पट, आणि लॅपटॉपच्या वर्षात ११४ दिवसांची तूट निघाली तर "आप्पा, कशाला ताणताय"?

पुतण्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती मानतो. फसवणारी गिऱ्हाइकेही असतात. चहा सांडून ‘आपोआप बंद पडला’ म्हणणारे मी त्या काउंटरवर डोळ्यांनी पाहिले. त्यामुळे कंपन्या प्रत्येकाकडे चोर म्हणून बघतात. पण तपासायचे यंत्र त्यांच्याकडे, माणसे त्यांच्याकडे, अहवालही त्यांचाच. तीन वेळा त्यांनी स्वतः उघडून पाहिल्यावर आणि स्वतःचेच भाग घातल्यावर चौथ्यांदा संशय माझ्यावर का? आणि हेच मी आयोगात गेलो तर दोष मुळातला असल्याचे तज्ज्ञाकडून सिद्ध करायची जबाबदारी माझ्या डोक्यावर येते. हे उलटे व्हायला हवे.

आमची ही म्हणते, या वयात कोर्टकचेरी शोभत नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा सुधीर फडके त्या कामात उतरले होते. बाबूजींना डाळ-तांदळाच्या मापाचे बोलायला कमीपणा वाटला नाही, मग मला लॅपटॉपचा का वाटावा, असे मी तिला म्हटले. तिने नुसते पाहिले. अंगठा मात्र अजून मागे घेतलेला नाही.

तर २६ डिसेंबरला ११४ दिवसांचे पत्र टपालाने गेले. रजिस्टर करायला गेलो तर खिडकीवर कळले की रजिस्टर टपाल आता वेगळे नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळले. बरे, पोच मिळते एवढे पुरे. ११ जानेवारीच्या आत लेखी उत्तर मागितले आहे. तक्रारअर्जाचा मसुदा तयार ठेवलाय, त्यावर सही माझी असेल, विद्यार्थ्याला पुन्हा त्रास नाही. उत्तर आले की इथेच कळवीन.

पहिली वही पुन्हा टंकून झाली. या वेळी दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, एक घरी आणि एक शेजारी. पुतण्या संक्रांतीला येतोय, त्याने कार्ड वाचून यावे. बोरं काढून ठेवतो.